अठ्ठावीस प्रमाणपत्रं आणि एक 'ड'

२०२५ च्या महिला दिनाला आमच्या आशाताईंचा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचा, सत्कार करायचा, असं फेब्रुवारीच्या मासिक सभेत ठरलं आणि डॉक्टर मॅडमनी सगळी जबाबदारी माझ्याकडे दिली. मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी. त्याआधी सहा वर्षं मी स्वतः आशा होते, म्हणून नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. हॉल ग्रामपंचायतीनं दिला, वर्गणी स्टाफनं काढली, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी बचत गटाच्या बायांनी केली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते प्रमाणपत्रांवर. तालुक्याच्या त्या प्रिंटिंगच्या दुकानासमोरून एसटी गेली की आजही माझं डोकं तापतं.

८ मार्चला शनिवार होता, कार्यालयं बंद, म्हणून आम्ही शुक्रवार ७ तारीख धरली. आमचा चंद्रपूर जिल्ह्यातला जंगलाला लागून असलेला धानपट्टा. मोहफुलं पडायला लागली की सकाळी कोणीच मोकळं नसतं, त्यामुळे तारीख त्याच्या आधीची हवी होती. आणि कार्यक्रम चारच्या आत संपवायचाच. वाघाच्या भीतीनं बाया सांजेला रस्त्यावर राहत नाहीत, आणि त्यांनी राहूही नये.

आता यादीचं सांगते. तालुक्याच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर आशांची यादी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आहे. मी मराठी यादी मोबाइलवर टाइप करून पाठवली होती. पण दुकानदारानं "अधिकृत यादी लागते" म्हणून कार्यालयाला फोन केला, आणि तिथल्या बाबूनं मला न विचारता ती इंग्रजी यादी परस्पर पाठवून दिली. इंग्रजीत ड आणि द एकच, ट आणि त एकच, ण आणि न एकच. आमच्याकडची आडनावं मडावी, गेडाम, टेकाम, कोडापे. पहिलं प्रूफ व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा मी ओपीडीच्या बाहेर बाकावर बसले होते. मदावी, गेदाम, तेकाम, कोदापे. २८ पैकी १३ नावं चुकलेली.

मी फोन केला. टायपिंग करणारा पोरगा विशीतला असेल. म्हणाला, "मॅडम, तुमची मराठी लिस्ट आमच्या फॉन्टात येतच नाही, चौकोन चौकोन येते." ते खरंही होतं. ही दुकानं जुन्या कोरलड्रॉवर श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टांत काम करतात आणि मोबाइलवरचं मराठी युनिकोड या वेगळ्या पद्धतीत असतं. नुसतं उचलून चिकटवलं तर ते उमटत नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं त्यातही तुटतात. मग प्रत्येक नाव नव्यानं टाइप करणं हाच खात्रीचा मार्ग. मला हे आधी कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी तिथे जाऊन बसले असते. तुम्ही तसंच करा. तारीख ठरली की आधी प्रिंटिंगच्या दुकानात जा, मंडपवाल्याकडे नंतर.

दुसरं प्रूफ चार दिवसांनी आलं. मडावी नीट झालं होतं, पण आधी बरोबर असलेलं 'दुर्गा' आता 'दुगा' झालं होतं, रफारच उडाला होता. तिसरं प्रूफ महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी यायचं होतं. आलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, पोरगा मार्कंड्याच्या जत्रेला गेला. त्याच्या जाण्याबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या घरचेही जातात. पण मालक फोन उचलायला तयार नव्हता, आणि नऊ दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट समोर आली, आणि ती दुकानाची चूक नव्हती, आमची होती. एक ताई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, माया नावात त्याचं नाव नोका टाकू. माया बाचं राहू द्या." नवरा सोडून गेला त्याला आठ वर्षं झाली. आमच्या रजिस्टरला अजून सासरचंच नाव. मग मी एकेकीला विचारत गेले. बँकेच्या पासबुकात एक, आधारावर दुसरं, रजिस्टरमध्ये तिसरं, अशा सात जणी निघाल्या.

म्हणून मी जे केलं ते पहिल्याच सभेत करायला हवं होतं. ए-फोर कागद अर्धा अर्धा फाडला आणि प्रत्येकीच्या हातात एक तुकडा दिला. तुम्हाला प्रमाणपत्रावर जसं हवं तसं, मोठ्या अक्षरात, स्वतःच्या हातानं नाव लिहा. सभेला नसलेल्या तिघींचे तुकडे मी गावात जाऊन आणले. एकीनं चुलीजवळ बसून लिहिलं, कागदावर हळदीचा अंगठा उमटला. तो तसाच राहू दिला.

मंगळवारी, ४ मार्चला, ते २८ तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं गेले. त्या पोराच्या शेजारी स्टूल घेतलं आणि बसले. तो एक नाव टाइप करायचा, मी तुकडा स्क्रीनला लावून अक्षर अक्षर बघायची. मधे दोनदा लाइट गेली. दुपारी तो कंटाळून म्हणाला, "एका अक्षरानं काय फरक पडते मॅडम?" मी खूप चिडले. त्याला विचारलं, तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर तुझ्या बापाचं नाव चुकलं असतं तर तू गप्प बसला असतास का? तो काही बोलला नाही, पण त्यानंतर प्रत्येक नाव झालं की स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवू लागला. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीत मी बसले तेव्हा प्रमाणपत्रं मांडीवर होती.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना मिळून ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. मला त्याचा फार अभिमान आहे, फ्लेक्सवर तो उल्लेख मीच घालायला लावला. पण तिथे एकेकीचं नाव येणं शक्य नव्हतं. गावात तर सगळे नुसतं "आशाताई" म्हणतात. स्वतःचं नाव छापलेलं बघायची वेळ त्यांच्यावर कितीदा येते? म्हणून त्या एका 'ड'साठी मी भांडले आणि पुन्हा भांडेन.

निवडीचं सांगायचं राहिलं. प्रमाणपत्र सगळ्यांना आणि विशेष सत्कार तिघींचा, नवजात बाळाच्या घरभेटी, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी आणि क्षयरोगाच्या औषधाचा पाठपुरावा यासाठी. घरभेटींचा नुसता आकडा धरू नका. मोठ्या गावात बाळंतपणंच जास्त असतात, तिथली आशा आपोआप पुढे जाते. आम्ही दवाखान्यात झालेली बाळंतपणं घेतली आणि त्यातल्या किती बाळांच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या सहाही भेटी पूर्ण झाल्या ते मोजलं. पहिली आली ती नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, वर्षात नऊच बाळं, पण नऊही पूर्ण. कोणी एका शब्दानं वाद घातला नाही.

आणि सत्कार आधी, भाषणं नंतर. पाहुण्यांना तसं आधीच सांगून ठेवा. आमचे सरपंच समजूतदार, लगेच हो म्हणाले.

कार्यक्रमात नावं मी स्वतः पुकारली, त्या हातानं लिहिलेल्या तुकड्यांवरूनच. बापाचं नाव मागणारी ताई खुर्चीवर परत जाऊन बसली आणि कागदावर बोट ठेवून आपलं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत गेली. मग शेजारणीला दाखवलं. जेवण लागलं तरी ती उठली नव्हती.

दोन कोरी प्रमाणपत्रं जास्तीची छापून घ्या. रात्री-अपरात्री बाळंतिणींना आणणाऱ्या १०२ रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरभाऊंना आम्ही विसरलो होतो. ते ऐनवेळी आठवलं आणि मी पेनानं त्यांचं नाव लिहिलं, आधी त्यांना विचारून.

तुकडे माझ्या फाइलमध्ये आहेत. तालुक्याच्या यादीतलं नाव दुरुस्त करण्याचे सात अर्ज मी एप्रिलमध्ये दिले, त्यातले चार झाले. उरलेल्या तिघींसाठी दर महिन्याला विचारायला जाते.