सांता मोनिकाच्या भिंतीआड

जुन्या गोव्यात बसमधून उतरलेली माणसं सहसा थेट बॉम जीझस चर्चकडे जातात. मी पश्चिमेचा चढ धरला. या टेकडीचं नाव मोंते सांतो. एका अंगाला सेंट ऑगस्टीनचा अर्धाच उरलेला जांभ्याचा मनोरा, 46 मीटर उंच. आणि त्याच्यासमोर सांता मोनिका: तीन मजले, जाडजूड भिंती, बाहेरून टेकू दिलेल्या.

आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी 1606 मध्ये स्थापलेला हा पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखातला पहिला नन्सचा मठ. बांधकाम 1627 ला पुरं झालं, 1636 ला आग लागली आणि लगेच पुन्हा उभारणी झाली. नन्सची संख्या शंभरापुरती ठरवलेली. आत गेलेली बाई बाहेर येत नसे, घरच्यांशी बोलायचं तेही जाळीआडून. काळं वस्त्र आणि पांढरं वस्त्र असे डोक्यावरच्या पदराचे दोन दर्जे होते, आणि काळं मिळायला मोठा हुंडा लागे. पोर्तुगीज घराण्यांना झुकतं माप होतं. देवाच्या दारातही हुंडा सुटला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मेनेझिस यांनी आणखी दोन आसरे काढले होते. नोसा सेन्होरा द सेर्रा हा अनाथ मुलींसाठी, आणि सांता मारिया मादालेना हा समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांसाठी. मठापेक्षा मला या दोन घरांबद्दल जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

1834 मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले. पुरुषांचे मठ रिकामे झाले. नन्सना हाकललं नाही, फक्त नवी मुलगी घ्यायची नाही असा हुकूम. म्हणजे एकेक म्हातारी जाईपर्यंत थांबायचं. सांता मोनिकातली शेवटची नन 1885 मध्ये वारली.

आणि पुढच्याच वर्षी, 1886 मध्ये, गोव्यात वेगळ्याच सिस्टर आल्या. त्यांच्या संस्थापिका मारिया क्लारा 1843 मध्ये लिस्बनजवळ जन्मलेल्या. पोर्तुगालात नन होण्याची दीक्षा घेणं कायद्याने बंद, म्हणून त्या फ्रान्समध्ये काले गावी गेल्या, आणि परतल्यावर 1871 मध्ये फ्रान्सिस्कन हॉस्पिटॅलर सिस्टर्सचा संघ सुरू केला. सरकारने 1874 ला त्याला मान्यता दिली ती धर्मादाय संस्था म्हणून. प्रार्थनेसाठी मठ नको, पण रुग्णांची शुश्रूषा करायला, अनाथ मुलं सांभाळायला, शिकवायला बायका हव्यात, असा तो हिशोब. त्या बायकांनी मात्र सरकारच्या या गरजेतूनच आपली वाट काढली. 1910 ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि संघांवर पुन्हा बंदी आली, तरी हे काम संपलं नाही.

आज सांता मोनिकात 1964 पासून मातेर देई ही संस्था आहे. वेगवेगळ्या संघांतल्या सिस्टर इथे धर्मशिक्षण घेतात. ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही इथेच. ते आधी राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात होतं, 2002 मध्ये इकडे हललं. तिथलं चांदीचं पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं पूजापात्र चुकवू नका.

दाराशी एक वयस्क सिस्टर भेटल्या. "खंयच्यान आयल्या गो बाय?" फोंड्याहून, म्हटलं. माझी आत्ये सिस्टरांच्या शाळेत शिकली, हे सांगितल्यावर त्या खुलल्या. आत्येला कपाळाचं कुंकू पुसायला कधी कुणी सांगितलं नाही, पण शिवणकामात एक टाका वाकडा गेला तर सगळं उसवून घ्यायच्या. हे ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या मदरपण अशाच होत्या!"

नंतर मडगावच्या वाटेवर मुद्दाम नुव्याला उतरले. 1961 मध्ये पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळण्याआधी गोव्यात सामान्य पदवीचं कॉलेज नव्हतं. धेंपे आणि चौगुले ही दोन्ही 1962 ची. मुलींसाठी नुव्याचं हे कार्मेल कॉलेज 1964 मध्ये अपोस्टोलिक कार्मेल या संघाच्या सिस्टरांनी काढलं. त्यांच्या संस्थापिका मदर व्हेरोनिका कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) अँग्लिकन धर्मगुरूच्या घरी जन्मल्या होत्या, आणि त्यांच्या संघाच्या सिस्टर 1870 मध्ये मंगळुराला पोचल्या. शिकलेली मुलगी नोकरीसाठी घराबाहेर पडते हे गोव्यात जे सहज झालं, त्यात या कॉलेजचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पुढच्या खेपेला चिंबलला जायचं आहे. एकोणिसाव्या शतकात जुनं गोवा ओस पडत गेलं, तेव्हा सेर्रा आणि मादालेनातल्या बायकांना तिकडेच हलवलं होतं.