पर्वती आणि अलंकार
आज संध्याकाळी सारसबागेत दहावीतल्या भाचीला भाषेतले अलंकार समजावताना समोरच्या पर्वती टेकडीचेच उदाहरण घेतले: पर्वती तपस्विनीसारखी शांत आहे, ही उपमा, पर्वती म्हणजे जणू तपस्विनीच, ही उत्प्रेक्षा, पर्वतीरूपी तपस्विनी पुण्याकडे पाहते आहे, हे रूपक, आणि ही टेकडी नव्हेच, तपस्विनी आहे, ही अपन्हुती. उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथे पर्वती) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते, इथे तपस्विनी) यांच्यातले अंतर साम्यापासून संभावनेपर्यंत, तेथून अभेदापर्यंत आणि शेवटी उपमेयाच्या नकारापर्यंत कसे मिटत जाते, हे तिला उमगले तेव्हा मला फार आनंद झाला. ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, एवढीच खूण पाठ करून घेणे मला अपुरे वाटते. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतमुनींनी उपमा, रूपक, दीपक आणि यमक एवढेच अलंकार सांगितले. त्यांतला दीपक आम्ही उद्या घेणार आहोत.