उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेची मंजुरी आणि एका निदान-कोडची दुरुस्ती: माझा अनुभव

कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला. स्तनाग्र राखता आले आणि इम्प्लांट बसवून त्या बाजूची पुनर्रचनाही झाली. उपचार न्यू जर्सीत झाले, विमा यजमानांच्या नोकरीतून मिळालेला होता आणि इथपर्यंत विमा कंपनीने कशालाही हरकत घेतली नव्हती. अडचण आली ती उजव्या बाजूची. दोन्ही बाजूंच्या आकारात आणि उंचीत एवढा फरक राहिला होता की साधा कुडतासुद्धा अंगावर सरळ बसत नसे. म्हणून प्लास्टिक सर्जननी उजवा स्तन लहान करून वर उचलण्याची शस्त्रक्रिया सुचवली. पूर्वमंजुरीचा अर्ज गेला आणि नकार आला. ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी आहे, असे पत्रात लिहिले होते. शिवाय दीर्घकाळच्या पाठदुखीचा पुरावा, फिजिओथेरपीच्या नोंदी आणि किती ग्रॅम ऊती काढणार याचा अंदाज जोडलेला नाही, असेही नमूद केले होते.

मला दुःखापेक्षा आश्चर्य अधिक वाटले, कारण पाठदुखी आणि ग्रॅमचे वजन यांचा माझ्या प्रकरणाशी संबंधच नव्हता. ज्या स्त्रियांना अतिशय मोठ्या स्तनांमुळे मान, पाठ आणि खांदे दुखण्याचा त्रास होतो, त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी हे निकष लावतात. याउलट अमेरिकेत १९९८ साली झालेल्या महिला आरोग्य व कर्करोग हक्क कायद्यानुसार, जी विमा योजना स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देते, तिने पुनर्रचनेचा आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात यासाठी दुसऱ्या स्तनावर करायच्या शस्त्रक्रियेचाही खर्च द्यावा लागतो. म्हणजे माझे कागद भलत्याच निकषांवर तपासले गेले होते. ते का, हे शोधणे भाग होते.

रुग्णालयाच्या पोर्टलवरून मी अर्जाची प्रत आणि सर्जनची तपासणी-नोंद मागवून घेतली. माझी मावसबहीण पुण्यात मेडिकल कोडिंगचे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून निदान आणि उपचारांचे ठरावीक कोड विम्याच्या कागदांवर लिहिण्याचे काम करते आणि रोज अमेरिकेतल्याच फाइली हाताळते. तिला मी त्या दोन पानांचा मजकूर फोनवर वाचून दाखवला. शस्त्रक्रियेचा कोड, १९३१८, बरोबर होता; निदानाच्या रकान्यात मात्र एन६४.८९ होता. स्तनाचे ‘इतर विशिष्ट विकार’ ज्यात घालतात, तो हा कोड. जन्मापासून किंवा वयात येताना दोन्ही बाजूंत फरक राहिला, तरी बहुधा हाच वापरला जातो आणि त्यातून कर्करोगाचा पत्ता लागत नाही. पुनर्रचित स्तन आणि मूळ स्तन यांच्यातील असमानतेसाठी एन६५.१ हा वेगळा कोड आहे, आणि सोबत कर्करोगाच्या पूर्वेतिहासाचा झेड८५.३ जोडायचा असतो.

कोडरने चूक केली असेच मला वाटले होते. मावसबहिणीने ते मान्य केले नाही. “ताई, डॉक्टरांनी त्या दिवशीच्या नोंदीत नुसतं ‘स्तनांमधली असमानता’ लिहिलंय. डावा स्तन कशामुळे गेला, पुनर्रचना कधी झाली, हा फरक त्यामुळेच आहे, यातलं काहीच नाही. कोडरला ते मनानं जोडता येत नाही,” असे ती म्हणाली. जुन्या फाइलीत सगळे असले तरी त्या भेटीच्या नोंदीत संबंध लिहिलेला हवा, हे तिने मला नीट समजावले.

तिने आणखी एक गोष्ट पाहायला सांगितली आणि ती मला फार मोलाची वाटते. अर्जाला उजव्या बाजूच्या मॅमोग्राफीचा अहवाल जोडलेला होता आणि त्यातही ‘असमानता’ हा शब्द होता. रेडिओलॉजिस्ट तो शब्द वापरतात तेव्हा चित्रात एका ठिकाणी ऊती अधिक दाट दिसतात एवढाच अर्थ असतो. स्तनांच्या आकाराशी त्याचा संबंध नसतो, आणि निदान ठरेपर्यंत अशा निष्कर्षाला आर९२ या गटातला कोड लागतो. माझ्या बाबतीत पुढील तपासणीत ती जागा निर्धोक ठरली होती, पण तो दुसरा अहवाल अर्जासोबत गेलाच नव्हता. वाचणाऱ्याचा गोंधळ होण्यास एवढे पुरेसे होते.

वैद्यकीय नोंदीत दुरुस्ती मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, म्हणून मी सर्जनच्या कार्यालयाला लेखी विनंती केली. पहिली नोंद खोडली जात नाही. तिला तारीख घालून पुरवणी जोडतात. ती पुरवणी त्यांनी मनापासून लिहिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. डावा स्तन कर्करोगामुळे काढला, इम्प्लांटने पुनर्रचना झाली, उजवा स्तन मूळचा आहे आणि दोन्हींतील फरक हा त्या उपचारांचा परिणाम आहे, असे तीत स्पष्ट होते. उरोस्थीच्या वरच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर डावीकडे २१ आणि उजवीकडे २७ सेंटीमीटर, हे मापही होते. कर्करोगावरील उपचार पूर्ण झाल्याचे एक वाक्य त्यांनी मुद्दाम घातले, कारण उपचार चालू असतील तर पूर्वेतिहासाचा कोड लागू होत नाही.

अपिलासाठी नकार मिळाल्यापासून १८० दिवसांची मुदत होती. माझे पत्र एका पानाचे होते: १९९८ च्या कायद्याचा उल्लेख, दुरुस्त केलेला कोड, पुरवणी, मूळ शस्त्रक्रियेचा अहवाल आणि मॅमोग्राफीचे दोन्ही अहवाल. पाठदुखीबद्दल मी एक अक्षरही लिहिले नाही. मला पाठदुखी नव्हती आणि त्या निकषाला उत्तर देणे म्हणजे तो मला लागू असल्याचे मान्य करणे झाले असते.

मंजुरी आली आणि शस्त्रक्रिया झाली. बिल हाती आल्यावर मी आधी निदानाचा रकाना पाहिला, तिथे एन६५.१ होता. पोर्टलवरील आजारांच्या यादीत मात्र जुने निदान तसेच राहिले होते. पुढील अर्ज त्या यादीवरून भरला जाऊ नये, म्हणून त्यानंतरच्या भेटीत ते काढून घेतले आणि सुधारलेल्या यादीची छापील प्रत घेऊनच मी तिथून निघाले.