पद्मकाष्ठाची गोणी

लातूर जिल्ह्यातील एका आयुर्वेद महाविद्यालयात मी द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांची ओळख आणि गुणधर्म, शिकवतो आणि रसशाळेत, म्हणजे औषधे तयार करण्याच्या विभागात, येणारा कच्चा माल तपासण्याची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. गेल्या नोव्हेंबरात कुंकुमादी तेलासाठी मागवलेली पद्मकाष्ठाची गोणी उघडली, तो दिवस मी विसरणार नाही.

पद्मक म्हणजे हिमालयातील रानचेरी. चरकाने वर्ण्य (कांती उजळणारा) आणि वेदनास्थापन (वेदना शमवणारा) या दोन्ही महाकषायांत, म्हणजे दहा-दहा औषधींच्या गटांत, तिचा समावेश केल्यामुळे नाव प्रत्येक वैद्याला पाठ असते. परंतु साधारण १२०० ते २४०० मीटर उंचीवर वाढणारे ते झाड मराठवाड्यात फारसे कोणी पाहिलेले नसते, आपल्यापर्यंत पोहोचतात ते केवळ लाकडाचे तुकडे. मी स्वतः ते पाहिले कुमाऊंत. तिथे त्याला पय्यां म्हणतात आणि पवित्र मानतात. बहुतेक चेरी वसंतात फुलतात, ही मात्र थंडीच्या तोंडावर गुलाबी होते, आणि इतर फुलोरा सरलेला असताना मधमाश्यांना तिचाच आधार असतो.

गोणीतील तुकडे तांबूस होते, वाळलेले होते, आणि मी नोंदवहीत सही करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ह्यातलं बरंच बाभळीचं हाय. आमचे वडील सुतार हायेत, पेरणीच्या तिफनीला हेच लाकूड लागतं." मी त्याला साल लागून राहिलेले तुकडे वेगळे काढायला सांगितले. त्याने दोन तुकडे माझ्या तळहातावर शेजारी ठेवले. एकाची साल काळपट, खडबडीत, उभ्या भेगा पडलेली होती. दुसऱ्याची तपकिरी, तुकतुकीत, तिच्यावर आडव्या बारीक रेघा उमटलेल्या आणि कडेने ती कागदाच्या पट्टीसारखी आडवीच सुटत असलेली. चेरीची ओळख त्या आडव्या रेघांत असते. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, पण त्या सकाळी रंगावर भुललो, याचे मला फार वाईट वाटले.

साल नसलेल्या तुकड्यांचे आम्ही आडवे काप घेतले. बाभळीची छिद्रे मोठी, फिकट कडा असलेली, नुसत्या डोळ्यांनीही दिसणारी. पद्मकाची इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसतच नाहीत. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक गोणी बाजूला पडली. व्यापाऱ्याने फोनवर "वरूनच असा माल येतो" एवढेच सांगितले. गोणी परत गेली, तेलाचा घाणा महिनाभर लांबला.

खऱ्या पद्मकाचा एक तुकडा त्या मुलाने वडिलांना दाखवण्यासाठी मागून नेला. सोमवारी तो परत आणला तेव्हा त्याच्या एका अंगावर रंधा फिरवलेला होता, आणि इतके मऊ, बारीक पोताचे लाकूड आपल्याकडे कुठे मिळेल, असे वडिलांनी विचारले होते.