लेकरासाठी मागितलेला अ‍ॅप्रन

सोलापूरकडच्या एका रुग्णालयात मी सीटी विभागात रेडिओग्राफर आहे. त्या दुपारी प्रसूती वॉर्डातून फोन आला: सातवा महिना, सकाळपासून धाप, नाडी जलद, ऑक्सिजन ९१. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा संशय होता. छातीच्या एक्सरेत काही नव्हतं. आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनी आधी दोन्ही पायांच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी केली. पायात गुठळी सापडली असती तर तेवढ्यावरच औषध सुरू झालं असतं आणि सीटी टळला असता. तिथेही काही निघालं नाही. आता थांबण्यात धोका होता, कारण अशी गुठळी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर उठते.

स्ट्रेचरबरोबर सासूबाई आल्या. सुनेचा हात काही सोडेनात. गरोदर असाल तर आधी सांगा, हा दारावरचा फलक त्यांनी मुलाकडून वाचून घेतला होता. भिंतीवर टांगलेला शिशाचा अ‍ॅप्रन दिसला आणि त्या म्हणाल्या, "ते पोटावर घाला की वो मॅडम. लेकरू हाय आत."

एवढ्या मायेने मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणणं जड जातं. तरी मी अ‍ॅप्रन घातला नाही. छातीच्या स्कॅनमध्ये बाळ किरणांच्या झोतात नसतंच. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते आईच्या शरीरात विखुरलेलं, आतून आलेलं. वर ठेवलेलं शिसं ते अडवणार कसं? उलट अ‍ॅप्रनची कड सरकून स्कॅनच्या पट्ट्यात आली तर मशीनला तो भाग दाट वाटतो आणि ते करंट, म्हणजे किरणांचं प्रमाण, वाढवतं. बाळाला मिळणारा किरणांचा डोस बहुधा १ मिलिग्रेच्याही (हे डोस मोजायचं एकक) खाली राहतो. गर्भाची काळजी करायची पातळी ५० ते १०० मिलिग्रेच्या पुढची. "काकू, बाळाला आच लागत नाही. मला काळजी सूनबाईंची आहे," मी म्हणाले. त्यांना ते चमत्कारिक वाटलं असणार, पण खरं तेच होतं.

कारण आईचे स्तन थेट झोतात येतात. त्यांना १० मिलिग्रेच्या आसपास, स्कॅन बेफिकिरीने काढला तर त्याहून बराच जास्त डोस बसतो. शिवाय गरोदरपणात ग्रंथी वाढलेल्या असतात, वय तरुण असतं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००७ साली स्तनांचा संवेदनशीलतेचा भारांक ०.०५ वरून ०.१२ केला, तो उगाच नाही. पोटावर सगळ्यांचं लक्ष आणि छातीचा विचार कुणाच्या मनात नाही, हे मला नेहमी खुपतं.

किरण कमी-जास्त करत फिरणारी, स्तनांसमोरून जाताना करंट उतरवणारी सोय नव्या मशीनमध्ये असते. आमच्याकडे ती नाही. मग हातात होतं ते केलं. टोपोग्राम, म्हणजे स्कॅनची आखणी करायचं पहिलं चित्र, घेताना किरण सोडणारी नळी टेबलाखाली ठेवली, म्हणजे किरण पाठीकडून शिरतात. टेबलाची उंची लेझरच्या रेषेवर बारकाईने जुळवली. नळी खाली असताना टेबल खाली राहिलं तर छाती मोठी दिसते आणि मशीन तेवढा जास्त करंट लावतं. नळीचा व्होल्टेज १२०ऐवजी १०० केव्ही घेतला, त्यात कॉन्ट्रास्टमधलं, म्हणजे रक्तवाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात त्या औषधातलं, आयोडीन उलट जास्त उजळ दिसतं. स्कॅनचा पट्टा महाधमनीच्या कमानीपासून छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंतच ठेवला, त्यामुळे गळ्यातली थायरॉइडही बाहेर राहिली. कॉन्ट्रास्ट पोचला का हे बघायला मशीन छातीच्या मधोमध एकाच जागी पुन्हा पुन्हा काप घेतं. त्यांचा करंट उतरवला आणि पहिला काप काही सेकंद उशिरा लावला.

पण सगळ्यात मोठी बचत म्हणजे स्कॅन पहिल्या फेरीतच नीट येणं. दुसरी फेरी झाली की डोस दुप्पट. आणि गरोदर बाईचा हा स्कॅन बिघडतो तो श्वासामुळे. खोल श्वास घेतला की पोटाकडच्या मोठ्या शिरेतून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त हृदयात ओढलं जातं आणि फुफ्फुसाच्या धमन्या ऐन वेळी फिक्या पडतात. मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज नेमकं तेच सांगतो: खोल श्वास घ्या, रोखून धरा. तो मी बंद केला.

तिच्या उजव्या कुशीखाली उशी होती, उताणं पडल्यावर चक्कर येऊ नये म्हणून. मी वाकून सांगितलं, "ताई, मी थांबा म्हटलं की आहे तसाच श्वास थांबवायचा. छाती भरायची नाही. मनात चारपर्यंत मोजा." तिने सवयीने छाती भरूनच घेतली. तिचा हात तिच्याच बरगडीवर ठेवून दिला. हात उचलला गेला तर चुकलं, एवढंच सांगितलं. धाप असतानाही तिने ते इतक्या जिद्दीने शिकून घेतलं की मला भरून आलं. मग उशी काढली, कोपराजवळ शिरेत घातलेल्या हिरव्या कॅन्युलाला कॉन्ट्रास्टचा इंजेक्टर जोडला आणि माइकवरून स्वतः "थांबा" म्हणाले.

धमन्या पांढऱ्याशुभ्र आल्या. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या खंडाकडे जाणाऱ्या फांदीत काळी गुठळी स्पष्ट दिसत होती. सरांनी तिथूनच वॉर्डात फोन लावला, गुठळीवरचं औषध हेपॅरिन सुरू झालं. ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही, हे सरांनी बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं.

मी डोसचे आकडे नोंदवहीत उतरवले. आईला दिलेलं आयोडीन बाळाच्या थायरॉइडपर्यंत जाऊ शकतं, म्हणून सरांना विचारून तिच्या फाइलवर ठळक लिहिलं: जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बाळाची थायरॉइड तपासणी करावी. फाइल हातात घेताना सासूबाईंनी ते काय लिहिलंय विचारलं, आणि मुलाकडून दोनदा वाचून घेतलं.