हवा सोडताना

परवा दुपारी नळस्टॉपच्या अलीकडे माझ्या दुचाकीचं मागचं चाक बसलं. तीनचा सुमार, ऊन डोक्यावर, आणि गाडी ढकलत मी पंक्चरवाल्यापर्यंत पोचले तोवर ओढणी पिळून काढावी इतकी भिजली होती. त्यानं आधी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ट्यूबवालं आहे, वेळ लागंल," म्हणाला. चाकात थोडी हवा शिल्लक होती. त्यानं व्हॉल्वची पिन सैल केली आणि ती बाहेर पडली. स्स्स्स. तेवढंच. पण तेवढ्या वेळात मी दुबईला जाऊन आले.

लोकांना मोगऱ्याच्या वासानं आजोळ आठवतं, पहिल्या पावसानं कोण कोण आठवतं. माझ्या आठवणी असल्या खानदानी नाहीत. त्या पंक्चरच्या दुकानात भेटतात.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दुबईला गेलो होतो. मी, नवरा, लेक आणि आई. सहलीच्या कागदावर तिसऱ्या दिवशी 'संध्याकाळी डेझर्ट सफारी' असं ठळक छापलेलं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, की पाठीचं दुखणं, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल त्यांनी गाडीत बसू नये. आईच्या मणक्यात दोन ठिकाणी गॅप आहे. तिनं चष्मा लावून ते वाचलं, कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली. "एवढ्या बारीक अक्षरात लिहिलंय म्हणजे फारसं महत्त्वाचं नसणार."

ड्रायव्हर पेशावरकडचा होता. पन्नाशीचा, पांढरा पायघोळ अंगरखा, बोलणं मोजकं. हॉटेलच्या दारात आईला बघून त्यानं पुढचं दार उघडलं. "अम्माजी आगे बैठेंगी." संपलं. आदल्या रात्री आम्ही तासभर चर्चा करून आईला थेट तंबूच्या ठिकाणी पाठवायचं ठरवलं होतं, ते एका वाक्यात निकालात निघालं.

शहर सुटलं, हत्ता नावाच्या गावाकडे जाणारा रस्ता लागला, आणि लहबाबपाशी दोन्ही बाजूंना तांबडी वाळू सुरू झाली. तांबडी म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जवळ जाणारी. कारणही तेच, दोन्हीत लोखंडाचा गंज. डांबर संपलं तिथे गाडी थांबली. आसपास तशाच तीस-चाळीस पांढऱ्या गाड्या. आमचा ड्रायव्हर उतरला, अंगरखा सावरून पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्यानं हवा सोडायला सुरुवात केली. एक चाक झालं, दुसरं झालं. चाळीस गाड्यांचे चाळीस ड्रायव्हर तेच करत होते. सगळ्या वाळवंटात एकच आवाज. स्स्स्स.

माझ्या पोटात गोळा आला. कारण मी ज्या घरात वाढले तिथे चाकातली हवा हा देवघराच्या खालोखालचा विषय होता.

बाबांकडे आकुर्डीला बनलेली बजाजची स्कूटर होती. दर रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी ते ती पंपावर घेऊन जायचे. पंपावरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःचा पेनाएवढा मीटर खिशात असायचा. "पुढे अठरा," ते त्या पोराला बजावायचे, आणि साडेअठरा झाली तर अर्धी काढायला लावायचे. भरून झाली की तर्जनी जिभेला लावून व्हॉल्ववर थुंकीचा ठिपका द्यायचे. बुडबुडा आला नाही तरच टोपण. मला त्या थुंकीची फार लाज वाटायची. मी पंपाच्या पाटीकडे बघत उभी राहायची, या माणसाला मी ओळखत नाही अशी.

आणि हवा सोडणं हा तर गुन्हाच. सायकलींचं पुणं होतं तेव्हा. कुणाचा सूड घ्यायचा तर शाळेच्या स्टँडवर जाऊन त्याच्या चाकातली हवा सोडायची, फारच राग असेल तर आतली व्हॉल्वट्यूबही लांबवायची. त्या इंचभर रबरी तुकड्यावरून वर्गात दोन दोन महिने अबोले चालायचे. चौकातल्या मामांकडेही हीच शिक्षा. मी नववीत असताना शेजारची मैत्रीण आणि मी डबलसीट क्लासहून येत होतो. अलका टॉकीजच्या चौकात शिट्टी वाजली. मामांनी आम्हाला उतरवलं, नाव-पत्ता काही विचारलं नाही, शांतपणे वाकले आणि दोन्ही चाकांतली हवा सोडली. मग हात झटकले आणि पुढच्या सायकलीकडे वळले. आम्ही कोथरूडपर्यंत चालत आलो. सायकल फतक फतक करत बरोबर.

बाबा फाटकातच उभे होते. मी खरं सांगितलं. डबलसीट, चौक, मामा, सगळं. त्यावर ते काही बोलले नाहीत. वाकून चाक दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दोन्ही चाकांतली? आणि तशीच ढकलत आणलीस? अगं, रिम लागली असेल ट्यूबला!" मी घाबरून रडले होते, पायाला फोड आला होता, पण त्या रात्री आमच्या घरी सायकलचीच विचारपूस झाली.

आता त्या लहबाबच्या कडेला माझ्याआधी आईलाच राहवलं नाही. काच खाली करून ती म्हणाली, "भैया, हवा कायको छोड़ रहे?"

"अम्माजी, ऊँट का पैर देखा है?"

आईनं देखा था. लहानपणी आमच्या गल्लीत उंट यायचा, त्यावर बसवायचे पैसे घेत. (माझ्या भावानं वर बसून भोकाड पसरलं होतं, त्याचा फोटो आहे.)

"ऊँट पैर रखता है तो फैल जाता है। बस, टायर को ऊँट का पैर बनाना है।"

पस्तीसच्या आसपास असलेली हवा तो पंधरापर्यंत उतरवत होता. मऊ झालेलं चाक वाळूवर लांबट पसरतं, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी तरंगल्यासारखी जाते. ताठ चाक वाळू खणत खणत स्वतःचा खड्डा करून त्यात बसतं. रात्री हॉटेलवर नवऱ्यानं आणखी शोधून काढलं. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर १९३०च्या आगेमागे फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात हिंडत होता. रुतत, खणत, गाड्या ढकलत तो जे शिकला त्यात टायरातली हवा कमी करणंही होतं. पुढे १९४०मध्ये त्यानंच उभ्या केलेल्या वाळवंटी तुकडीला ते सगळं युद्धात कामी आलं. नवरा हे मोठ्या कौतुकानं वाचून दाखवत होता. बाबा असते तर दोन रात्री यावर वाद घातला असता आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप त्या माणसाची माहिती वहीत उतरवून ठेवली असती. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तर, गाडी वाळूत शिरली.

मला गाडी लागते. वरंधा घाटात एसटीच्या खिडकीतून मी काय काय केलंय ते मागच्या खिडकीतल्या प्रवाशांना विचारा. पोटावर वर्तमानपत्र बांधणं, आवळा सुपारी, आलेपाक, सगळं करून झालंय. अशा बाईनं आपणहून पैसे भरून वाळूच्या टेकड्यांवरून आडवी घसरणारी गाडी घ्यावी, याला काय म्हणावं? टेकडीची वाऱ्याकडची बाजू चढायला सोपी असते, गाडी तिथून गुरगुरत वर जाते. माथ्यावर बॉनेट आभाळाकडे, पुढे काही दिसत नाही. आणि मग पलीकडचा उतार, चौतीसेक अंशांचा. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही, ढासळते. आमच्याबरोबर तीही ढासळत होती. लेक आनंदानं किंचाळत होता. नवरा 'छान आहे, छान आहे' म्हणत वरची कडी सोडत नव्हता. आणि आई पुढे बसून रस्ता सांगत होती! "डावीकडून घ्या, तिकडे सावली आहे, खड्डा असणार." मराठीतून. ड्रायव्हरही "जी अम्माजी" म्हणून बरोबर तिकडेच वळत होता. नंतर तोच म्हणाला की भर दुपारी वाळू सपाट दिसते, चढउतार कळत नाहीत. ऊन कललं की सावल्या पडतात आणि टेकड्या वाचता येतात. माझा समज होता की संध्याकाळची वेळ फोटोंसाठी ठेवलीय.

तिसऱ्या उतारावर माझा घसा आंबट झाला. मी तोंड उघडलं नव्हतं, पण आईनं मागे न बघता हात मागे केला. हातात अर्धं लिंबू. सकाळी न्याहारीच्या टेबलावरून उचलून कागदी रुमालात गुंडाळलेलं.

सूर्यास्तासाठी सगळ्या गाड्या एका लांब टेकडीवर ओळीनं उभ्या राहिल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बीस मिनट." मला वेळापत्रकातल्या सूर्यास्तांचा लहानपणापासून राग आहे. महाबळेश्वरला, माथेरानला, कुठंही गेलं की चार वाजल्यापासून घरात चला चला सुरू. आणि तिथे जाऊन शेंगदाणे खात त्या बिचाऱ्याच्या जाण्याची वाट बघायची. वेताळ टेकडीवर कसं, आपण आपलं चालत असतो, कुणाच्या तरी गुडघेदुखीची गोष्ट चाललेली असते, आणि बघावं तर सूर्य गेलेला. तेच बरं वाटतं. इथे शंभरेक माणसं तळहातावर सूर्य धरल्याचे फोटो काढत होती. पलीकडून "अगं, थोडी उजवीकडे सरक, सूर्य तुझ्या डोक्यात घुसतोय" असं अस्सल सदाशिवपेठी ऐकू आलं. आम्ही ओळख दिली नाही. त्यांनीही.

आईनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. तिनं ते भारतातल्या वेळेवरून हलवलं नव्हतं. "सात वाजले. आपल्याकडे मावळून तास झाला." मग क्षितिजाकडे बघून, "हा शिळा आहे."

त्यानंतर मला तो सूर्य गंभीरपणे बघताच आला नाही.

मग तिनं चप्पल काढून वाळूत पाय खुपसले, मूठभर वाळू घेतली आणि अंगठ्यानं चोळली. आमचं कोथरूडचं घर बांधताना ब्रासवर वाळू यायची, ती उतरवून घ्यायचं काम आईकडे होतं. ट्रकवाल्यांशी ती मूठ चोळूनच भांडायची. "पिठासारखी आहे. हिचा गिलावा धरणार नाही." खोटं वाटेल, पण तसंच आहे. वाऱ्यानं घासून या वाळूचे कण गोल गुळगुळीत होतात, सिमेंटमध्ये ते एकमेकांना धरत नाहीत. एवढ्या वाळूत बसून त्या शहराला बांधकामासाठी वाळू बाहेरून मागवावी लागते. ते घरही आता नाही म्हणा. रीडेव्हलपमेंटमध्ये गेलं, त्या जागी सात मजले आणि पार्किंग.

खाली उतारापाशी एक झाड होतं. एकटंच, काटेरी, बारीक पानांचं. ड्रायव्हर म्हणाला, "ग़ाफ़. यहाँ का क़ौमी दरख़्त." आई तोवर झाडाखाली पोचली होती. "अगं, ही शमी!" गणपतीच्या पत्रीसाठी आयुष्यभर मंडईत खरी शमी, खोटी शमी करत हिंडलेली बाई, ती चुकणार नव्हती. राजस्थानातली खेजडी, तिथला घाफ आणि पांडवांनी शस्त्रं लपवली ती शमी, एकच झाड. तिनं फांदीला हात घातला तसा ड्रायव्हर धावला. "अम्माजी, तोड़ना मना है।" मग तिनं खाली पडलेली चार वाळकी पानं वेचली आणि पर्समध्ये टाकली, त्या बारीक अक्षरांच्या कागदाशेजारी. दसऱ्याला स्कूटरच्या हँडलला झेंडूचा हार घालून बाबा सीटवर शमी ठेवायचे.

तंबूतल्या खजुराचं, मेंदीचं, गिरक्या घेणाऱ्या घागऱ्याचं काय सांगायचं, सगळ्यांनी बघितलंय ते. शाकाहारी रांग लांब होती.

परतताना डांबराच्या कडेला हवा भरायची टपरी. गाड्या रांगेत. आमची पाळी आली तशी आई उतरली, अंधारात कंबर धरून उभी राहिली, काटा वर जाताना बघत. चौथं चाक भरून झालं. ती वाकली. तर्जनी जिभेला लावली आणि व्हॉल्ववर ठिपका दिला.

ड्रायव्हर टॉर्च धरून थांबला. "ठीक है, अम्माजी?"

"ठीक है."

"बाई, किती भरू?" पंक्चरवाला दुसऱ्यांदा विचारत होता. मी सांगितलं, पैसे दिले, घरी आले.

पार्किंगमध्ये कोपऱ्यात बाबांची स्कूटर उभी आहे, ताडपत्रीखाली. दोन्ही चाकं कधीची जमिनीला टेकलीत. वापरात नसलेली वाहनं महिनाअखेर हलवावीत अशी सोसायटीची नोटीस लिफ्टपाशी लागलीय, तिसऱ्यांदा. दुपारी हवेनं डोकं भरलेलं होतं म्हणून असेल, मी लेकाच्या सायकलचा पंप आणला, ताडपत्री वर केली आणि पुढच्या चाकाशी उकिडवी बसले. पुढे अठरा.

वरच्या गॅलरीतून आईचा आवाज आला.

"नको गं भरूस."

"का?"

"हवा भरली की ढकलत न्यायला सोपी होते."

मी पंप जागेवर ठेवला आणि ताडपत्री खाली ओढली. वर चहा उकळल्याचा वास येत होता.