तो पेपर मागे का घेतला? तुम्ही विचारलंत म्हणून

"कोणी पकडलं नव्हतं, तरी तुम्ही आपणहून पेपर रिट्रॅक्ट केलात. का?" नव्या विद्यार्थ्यांपासून ते निवड समितीत शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. काहींना माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायचं असतं, काहींना मी वेडी वाटते. आजवर दोघांनाही हसून टाळलं. आता एकदाचं लिहूनच टाकते.

मुळात "कोणी पकडलं नव्हतं" हेच खरं नाही. पकडलं होतं, माझ्याच लॅबमधल्या एका मुलीने.

पेपरचा दावा थोडक्यात असा: रायबोफ्लेविन, म्हणजे बी२ जीवनसत्त्व, उजेडात तुटतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण सोबत निकोटिनामाइड (बी३ जीवनसत्त्वाचं एक रूप) असेल तर ते पीएच ७ला, म्हणजे उदासीन द्रावणात, अंधारातही हळूहळू तुटतं. निकोटिनामाइडमुळे रायबोफ्लेविन पाण्यात जास्त विरघळतं, दोघांची जवळीक जुनी आहे. तेव्हा दावा अगदीच हवेतला नव्हता. (बघा, अजूनही वकिली करतेय.)

फ्लास्क आम्ही फॉइलमध्ये गुंडाळले होते. दुहेरी. दर दहा मिनिटांनी थोडा नमुना काढायचा, व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या काचेच्या बाटलीत भरायचा आणि एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनच्या) ट्रेमध्ये ठेवायचा. मशीनला एका नमुन्याला पंचवीस मिनिटं लागायची. म्हणजे नमुने यायचे दहा-दहा मिनिटांनी, सुटायचे पंचवीस-पंचवीस मिनिटांनी. रांग वाढत जायची. पहिला नमुना थेट आत, दुसरा पंधरा मिनिटं खोळंबलेला, तिसरा अर्धा तास, आणि बारावा पावणेतीन तास ट्रेमध्ये बसून. त्या आठवड्यात अंबर व्हायल, म्हणजे उजेड अडवणाऱ्या तपकिरी काचेच्या, संपल्या होत्या. साध्या पारदर्शक वापरल्या. ट्रेचं दार पारदर्शक, वर ट्यूबलाइट.

आता गंमत बघा. थांबण्याचा वेळ नमुन्याच्या क्रमाबरोबर एकसारखा वाढत होता, त्यामुळे ट्यूबलाइटने केलेली मोडतोडही तशीच वाढत गेली. ग्राफवर रेघ इतकी सरळ आली की मी ती प्रिंट काढून भिंतीवर लावली. निकोटिनामाइड नसलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, आम्ही आधीच्या आठवड्यात चालवला होता, अंबर व्हायलमध्ये. तो अर्थातच जागचा हलला नव्हता.

दोन वर्षांनी नव्या विद्यार्थिनीला ते आकडे पुन्हा मिळेनात. मी तिला म्हटलं, "तुझा हात बसला नाही अजून." हे वाक्य मी बोलले आहे, ते इथे लिहायलाच हवं. ती काही बोलली नाही. तिने बाराही नमुने काढून अंधारात ठेवले, मग एकदम साध्या व्हायलमध्ये भरून ट्रेमध्ये लावले, पण क्रम उलटा. शेवटचा आधी, शून्य मिनिटाचा सगळ्यात शेवटी. संध्याकाळी ती ग्राफ घेऊन आली. सगळ्यात जास्त तुटला होता शून्य मिनिटाचा नमुना. जो फ्लास्कमध्ये एक मिनिटही थांबला नव्हता, तो.

"मॅडम, हे फ्लास्कमध्ये होत नाहीये," एवढंच ती म्हणाली.

रात्री जुने क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनचे आलेख काढले; त्यात प्रत्येक घटकाचा एक उंचवटा, पीक, दिसतो. रायबोफ्लेविनच्या मोठ्या पीकनंतर एक बारीकसं पीक होतं, ल्युमिक्रोमचं. उदासीन किंवा आम्ल द्रावणात उजेडाने रायबोफ्लेविनची साखळी तुटली की ल्युमिक्रोम उरतं, अल्कलीत ल्युमिफ्लेविन. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवते. ते पीक नमुन्यागणिक वाढत होतं. पेपरमध्ये मी त्याची वासलात एका वाक्यात लावली होती: नमुने हाताळताना अल्प प्रमाणात तयार झालं असावं. म्हणजे खरं उत्तर मी स्वतःच छापलं होतं. आकडा तेवढा मोजला नव्हता.

स्वतःला समजावण्यासाठी मी बरीच उदाहरणं जमवली. यान्सेन आणि डोनाथ या डच शास्त्रज्ञांनी 1926मध्ये जावात बी१ जीवनसत्त्वाचे स्फटिक मिळवले, पण सूत्रातलं गंधक त्यांच्या नजरेतून निसटलं. ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउसने 1932मध्ये दाखवलं. बी१२चे लाल स्फटिक 1948मध्ये हाती आले, त्यातला सायनाइड मुळात शुद्धीकरणाच्या खटाटोपात चिकटलेला. शरीरात काम करणारं रूप उजेडाला इतकं नाजूक की ते अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ बार्करला सापडायला 1958 साल उजाडावं लागलं. म्हटलं, उजेडाने भल्याभल्यांना चकवलंय. पण त्या लोकांच्या हातात निदान खरे स्फटिक होते. माझ्या हातात ट्यूबलाइट होती.

तरीही मी सात महिने गप्प बसले. तुम्हाला आवडणाऱ्या गोष्टीत हे सात महिने नसतात. दुरुस्ती छापून भागेल का, मर्यादा म्हणून दोन ओळी टाकाव्यात का, असं चाललं होतं. खरी अडचण वेगळी होती. पेपरची पहिली लेखिका माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या नावावर तो एकच पेपर. फोन केला तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "व्हायल संपल्यात हे मी तुम्हाला सांगितलं होतं, मॅडम." सांगितलं होतं. "चालव तशीच, फॉइल आहे ना," असं मी म्हणाले होते.

तर, का घेतला मागे? उलट्या क्रमाचा तो ग्राफ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता, म्हणून. ती मुलगी नसती तर घेतला असता का, हे मला ठामपणे सांगता येत नाही. कधी वाटतं, नक्की घेतला असता. कधी ते सात महिने आठवतात. पहिल्या लेखिकेचं नुकसान न करता तेच करता आलं असतं का, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण आहे. पेपर मागे घेतल्याच्या नोटिशीत चूक माझ्या सूचनेमुळे झाली असं स्पष्ट लिहिलं. तिचा अर्ज चाळणारा माणूस नोटीस उघडून वाचतो थोडाच!

पेपर मागे घेतला तरी त्याचे संदर्भ थांबलेले नाहीत. मध्यंतरी एकांनी त्यातला वेगस्थिरांक, म्हणजे तुटण्याच्या वेगाचा आकडा, घेऊन द्रावण किती दिवस टिकेल याचं गणित मांडलं. मी मेल केली, पेपर रद्द झालाय, आकडा वापरू नका. सभ्य उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, पण तुमचा आकडा आमच्या प्रयोगाशी छान जुळतो.

त्यांचा ट्रे उजेडात असतो का, हे विचारणारी मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे.